टाळेबंदी, दूध आणि कोंबडी

पैनगंगेचा पूल ओलांडून नागपूर-हैदराबाद महामार्ग आदिलाबाद जिल्ह्यात शिरतो. अलीकडे महाराष्ट्र, पलीकडे तेलंगण. बोली मात्र पुष्कळ गावांत मराठीच. २५ मार्च २०२० रोजी देशभर टाळेबंदी लागू झाली, तेव्हा दोन्ही तीरांवरच्या पशुपालकांची अडचण एकच होती.

कुक्कुटपालकाचे संकट तर त्याआधीच सुरू झाले होते. कोंबडीच्या मांसातून करोना पसरतो, अशी आवई फेब्रुवारीतच उठली. तिला शास्त्राचा काडीचाही आधार नव्हता. तेलंगणाच्या मंत्र्यांनी हैदराबादेत टँक बंडवर चारचौघांत कोंबडी खाऊन दाखविली; परंतु भीती अशा देखाव्याने जात नसते.

मांसासाठी वाढविलेली कोंबडी सहा आठवड्यांत सुमारे दोन किलोंची होते. पुढे ती खाते अधिक, वाढते कमी. कापूस भावाची वाट पाहत घरात ठेवता येतो, कोंबडी ठेवता येत नाही. खर्चाचा मोठा वाटा मका-सोयाबीनच्या खाद्याचा. म्हणून गिऱ्हाईक तुटले की प्रत्येक दिवस तोट्याचा. बेळगाव जिल्ह्यातील गोकाक तालुक्यात एका पालकाने त्या मार्चमध्ये सहा हजारांवर कोंबड्या जिवंत पुरल्या. हे क्रौर्य खरेच. पण हिशेबही तितकाच क्रूर होता. पुढे पिल्ले कमी सोडली गेली आणि मे महिन्यात भाव चढले. ज्याची शेड रिकामी होती, त्याला त्या तेजीचा काय उपयोग?

दुधाची गोष्ट निराळी. म्हैस टाळेबंदी जाणत नाही. दोन वेळा धार काढावीच लागते. दूधवाहतुकीस मुभा होती, पण चहाची दुकाने, खानावळी, मिठाईवाले बंद, आणि लग्नसराई बुडालेली. महाराष्ट्र शासनाने प्रतिदिनी १० लाख लिटर दूध २५ रुपये दराने घेऊन भुकटी करण्याचे ठरविले. योजना योग्यच, मात्र तिचा लाभ संघाला दूध घालणाऱ्यास. एकच म्हैस बाळगून गावातल्या चहावाल्याला रतीब घालणारी बाई तिच्या बाहेरच राहिली. तिने तूप कढवून ठेवावे, असे कोणी म्हणेल. पण पेंडेचे पैसे तूप विकेपर्यंत थांबत नाहीत.

त्या जुलैत महाराष्ट्रात दूधदरासाठी आंदोलने झाली. आणि कोंबडीचे गिऱ्हाईक परतत असतानाच, जानेवारी २०२१ मध्ये, परभणी जिल्ह्यातील मुरुंबा गावी बर्ड फ्लू आढळला. या खेपेस रोग खरोखरच पक्ष्यांचा होता.