आवळल्यावर गोल राहणारा बोअर

इंजिनचं काम झालं की गॅरेजवाला गिऱ्हाइकाच्या हातात जुन्या पार्टांची पिशवी ठेवतो. झिजलेल्या रिंगा, काळवंडलेली बेअरिंगं, ओरखडे पडलेला एखादा पिस्टन, फाटलेलं गॅस्केट. पैसे कशाला लागले, याचा तो पुरावा. पण त्याच इंजिनाने सहा महिन्यांत पुन्हा निळा धूर सोडायला सुरुवात केली, तर त्याचं कारण त्या पिशवीत सहसा सापडत नाही. नवे पार्ट अस्सल असूनही असं होतं. फसलेलं असतं ते ब्लॉकवरचं काम: बोअर, म्हणजे सिलिंडरची नळी, कशाच्या आधाराने कापला, कोणत्या अवस्थेत मापला आणि शेवटी कशाने धुतला. या कामांतून जुना पार्ट निघत नाही, म्हणून बिलात ती ‘बोअर-होनिंग’ एवढ्या एका ओळीत उरकतात.

ही ओळ ज्यांच्या हातची, ते बोअरिंगवाले महाराष्ट्रात जवळपास प्रत्येक तालुक्याच्या गावी सापडतील. त्यांचं खरं घराणं पाहायचं तर कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात जावं. उसाला पाणी उपसायला आणि चरक फिरवायला या भागात ऑइल इंजिनं आली, ती बिघडू लागली, आणि दुरुस्ती करता करता म्हादबा मेस्त्रींसारख्या कारागिरांनी इंजिन बनवण्यापर्यंत मजल मारली. पुढे फाउंड्र्या वाढल्या. आज इथे वाहनांचे ब्लॉक आणि हेड ओतले जातात, पिस्टन आणि बेअरिंगंही बनतात. मिलिमीटर कागदावर असले तरी कारागिराच्या तोंडी अजून ‘थाऊ’च असतो. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, म्हणजेच सुमारे २५ मायक्रॉन. माणसाचा केस साधारण तीन थाऊ जाड भरतो. चांगलं आणि वाईट इंजिन यांतला फरक बहुतेक वेळा याहून कमी असतो.

हे अंतर सांभाळणं अवघड का, हे समजायला एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. टेबलावर ठेवलेला ब्लॉक आणि गाडीत चालणारा ब्लॉक यांचा आकार एकच नसतो. वरून हेड आवळलं की त्याचा आकार बदलतो, तापला की पुन्हा बदलतो, कापणाऱ्या हत्याराच्या रेट्यानेही तो दबतो. ओतीव लोखंड दगडासारखं दिसतं खरं, पण थाऊच्या हिशेबात ते चांगलंच लवतं. म्हणून ज्या अवस्थेत ब्लॉक काम करणार, तिच्या जमेल तितकं जवळ नेऊन त्याला कापायचं. माझ्या मते या धंद्याचं सगळं शहाणपण एवढ्यात आलं, आणि निकृष्ट कामाची मुळंही हे विसरण्यातच आहेत.

सुरुवात मापाने होते, किंवा व्हायला हवी. बोअर सगळीकडे सारखा झिजत नाही. वरच्या रिंगचा प्रवास जिथे संपतो, तिथे दाब आणि उष्णता सर्वांत जास्त आणि ऑइल सर्वांत कमी. म्हणून झीज वरती जास्त आणि बोअर निमुळता. शिवाय कनेक्टिंग रॉड तिरका असताना पिस्टन एका भिंतीवर रेलतो, त्यामुळे बोअर लंबगोलही होतो. म्हणून डायल बोअर गेज वर, मध्ये आणि खाली, प्रत्येक ठिकाणी दोन दिशांना धरायचं. एका सिलिंडरची सहा मापं, चार सिलिंडरची चोवीस. ती लिहून ठेवणारा कारागीर दिसला, तर त्याच्याकडे काम बिनधास्त द्यावं. नख फिरवून ‘काही लागत नाही, नुसत्या रिंगा टाकू’ म्हणणारा मात्र नव्या गोल रिंगा लंबगोल नळीत घालायला निघालेला असतो.

बोअर कापताना हत्याराला आधार कशाचा, हा प्रश्न वाफेच्या इंजिनाइतका जुना आहे. जेम्स वॉटने १७६९ साली पेटंट घेतलं, पण वाफ न सोडणारा सिलिंडर त्याला कोणी करून देईना. ही अडचण १७७५ साली जॉन विल्किन्सनने वेल्समधल्या बर्शम इथे सोडवली. त्याआधीच्या यंत्रांत कापणारं डोकं एका लांब दांड्याच्या मोकळ्या टोकावर असे, आणि ते ओतकामाच्या वाकड्या पोकळीमागे वाकडंच जाई. विल्किन्सनने दांडा सिलिंडरमधून आरपार नेला आणि दोन्ही टोकांना आधार दिला. आता दांडा सरळ होता, सिलिंडरलाच त्याच्याप्रमाणे सरळ व्हावं लागलं. ५० इंची सिलिंडरची चूक जुन्या शिलिंगच्या नाण्याच्या जाडीइतकीही नाही, अशी नोंद वॉटचा भागीदार मॅथ्यू बोल्टन याने केली आहे.

तोच प्रश्न आजही आहे. ब्लॉकच्या माथ्यावर बसवायचं छोटं बोअरिंग मशीन जुन्या बोअरवरूनच मध्य शोधतं. बोअर एका बाजूला जास्त झिजला असेल तर मध्यही तिकडे सरकतो, आणि माथा क्रँकच्या रेषेला समांतर नसेल तर बोअरही तिरका उतरतो. रस्त्यावरच्या गाडीला ते कसंबसं चालून जातं. शर्यतीच्या इंजिनाला चालत नाही. तिथे आधी क्रँकच्या मेन बेअरिंगची रेषा तपासतात, ती सरळ करतात, मग तिच्यावरून माथा आणि माथ्यावरून बोअर. क्रम उलटला की पुढचं सगळं काम चुकीच्या पायावर उभं राहतं.

‘साहेब, पिस्टन नंतर आणा, चाळीसचा बोअर मारून ठेवतो’ हे वाक्य कुठेही ऐकू येतं, आणि ते ऐकलं की ब्लॉक उचलून बाहेर पडावं. चाळीस म्हणजे ४० थाऊ ओव्हरसाईज. पण डब्यावर चाळीस लिहिलेला पिस्टन नेमका किती मापाचा आहे, हे मायक्रोमीटर लावल्याशिवाय कळत नाही. पिस्टन मुळात गोल नसतोच. तो मुद्दाम किंचित लंबगोल आणि वर निमुळता घडवतात, म्हणजे तापल्यावर नीट बसावा. माप घ्यायचं ते स्कर्टवर, कंपनीने सांगितलेल्या उंचीवर, गजन पिनला काटकोनात. मग प्रत्येक पिस्टनला त्याचा सिलिंडर नेमून द्यायचा आणि क्लिअरन्स, म्हणजे पिस्टन आणि भिंत यांतली फट, धरून तो बोअर त्या पिस्टनसाठी करायचा. फोर्ज्ड पिस्टन असेल तर हे आणखी नाजूक होतं. २६१८ या मिश्रधातूत सिलिकॉन अगदी कमी, म्हणून तो चिवट असतो पण जास्त फुगतो. ४०३२ मध्ये सिलिकॉन १२ टक्क्यांच्या आसपास, म्हणून तो कमी फुगतो. एकाचा क्लिअरन्स दुसऱ्याला दिला की एक तर थंडीत खडखड, नाहीतर वेगात इंजिन जाम.

उन्हाळ्यातल्या पत्र्याच्या शेडमध्ये याच्या जोडीला तापमान येतं. लांबीची मापं जगभर २० अंश सेल्सियसला धरतात. १०० मिलिमीटरचा पिस्टन १० अंशांनी तापला तर सुमारे २३ मायक्रॉन वाढतो, लोखंडी बोअर त्याच्या निम्माच. नुकताच होन केलेला, म्हणजे दगडांनी घासून शेवटचं माप दिलेला, गरम ब्लॉक आणि कपाटातला गार पिस्टन यांची मापं जुळवणं म्हणजे स्वतःची फसवणूक. ब्लॉक, पिस्टन आणि गेज एकाच जागी रात्रभर ठेवून सकाळी मापणारे मेस्त्री आहेत. त्यांना गिऱ्हाईक सावकाश म्हणतं, पण खरी किंमत द्यावी ती यांनाच.

आता हेडच्या बोल्टांकडे. एकेक बोल्ट काही टनांच्या ताकदीने ब्लॉकचा माथा वर खेचतो, आणि बोल्टांच्या आट्यांजवळ सिलिंडरची भिंत आत-बाहेर होते. उघड्या ब्लॉकमध्ये बिनचूक गोल असलेला बोअर हेड बसल्यावर गोल राहत नाही. यावर उपाय आहे टॉर्क प्लेटचा. हेडऐवजी माथ्यावर एक जाड प्लेट त्याच जातीचं गॅस्केट, तेच बोल्ट आणि तोच टॉर्क देऊन आवळायची. प्लेटला सिलिंडरच्या जागी भोकं असतात, त्यांतून होन खाली उतरतो. म्हणजे बोअर ताणलेल्या अवस्थेतच गोल केला जातो. प्लेट काढल्यावर तो वाकडा दिसतो, आणि तसा तो दिसलाच पाहिजे. ज्या शर्यतीच्या इंजिनाला प्लेट न लावता होन केलं, त्याच्या रिंगा कितीही महाग असल्या तरी मला त्या इंजिनाचा भरवसा वाटत नाही. मेन बेअरिंगच्या टोप्यांचंही हेच: मापताना त्या पूर्ण आवळलेल्या हव्यात.

बोअरिंगचं हत्यार लोखंड कापतं तसं थोडं फाडतंही. म्हणून तीन ते पाच थाऊ राखून थांबायचं आणि उरलेलं होनने काढायचं. ड्रिल मशीनला लावलेला तीन पायांचा स्प्रिंगचा होन जुन्या आकारावरच घासत राहतो. चकाकी मोडते, लंबगोलपणा तसाच राहतो. आकार सुधारतो तो ताठ दगडांचा, मशीनवरचा होन. १९२४ साली अमेरिकेत सुरू झालेल्या सनेन कंपनीचं नाव या कामात जगभर आदराने घेतलं जातं. होनच्या फिरण्याचा आणि वरखाली होण्याचा वेग जुळला की भिंतीवर साधारण ४५ अंशांत एकमेकींना छेदणाऱ्या रेषा उमटतात. ऑइल धरून ठेवतात त्या याच. शेवटी बारीक दगड फिरवून रेषांमधली टोकं बोथट करतात आणि खोल चर तसेच ठेवतात. रिंगला बसायला सपाट जागा मिळते, ऑइलला साठायला चर मिळतात.

आणि मग धुणं, ज्याला सर्वांत कमी मान आहे. डिझेल किंवा पेट्रोलने पुसलेला बोअर लखलखीत दिसतो. ते ऑइल नेतं, पण होनच्या दगडाची भुकटी चरांत तशीच बसते, आणि पहिल्या दिवसापासून नव्या रिंगांना घासत राहते. गरम पाणी, साबण आणि ताठ ब्रश घेऊन घासायचं, लगेच सुकवायचं, मग ऑइल लावून पांढऱ्या फडक्याने पुसायचं. फडकं करडं निघतंय तोवर पुन्हा धुवायचं. ऑइलच्या वाटांतूनही लांब ब्रश गेला पाहिजे.

खालच्या अंगाला होणाऱ्या लबाड्या वेगळ्याच. फिरलेलं बेअरिंग पकडावं म्हणून त्याच्या जागेत पंच मारणं, मागे पन्नी घालणं, टोपी घासून घट्ट करणं. यांपैकी काहीही केलं की बेअरिंगची पाठ जागेला पूर्ण टेकत नाही आणि उष्णता बाहेर जायची वाट बंद होते. दोन इंची जर्नलवर, म्हणजे क्रँकच्या बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या भागावर, ऑइलचा थर राहतो तो जेमतेम दोन थाऊंच्या फटीत. क्रँक ग्राइंड करताना जर्नलच्या कडेची गोलाई मारून सरळ कोपरा काढला, तर क्रँक तिथूनच तुटतो.

ताकदीसाठी इंजिन बांधणाऱ्यांना मोठ्या बोअरचा मोह असतो. हिशेब मात्र निराळं सांगतो. जुन्या बुलेट ३५० चा बोअर ७० आणि स्ट्रोक ९० मिलिमीटर, म्हणजे ३४६ सीसी. चाळीसचा बोअर मारून ते होतं सुमारे ३५६. दहा सीसीसाठी भिंत पातळ करायची, तर आधी ती किती जाड आहे हे अल्ट्रासॉनिक गेजने पाहावं. ओतताना साच्यातला गाभा जरा सरकला असेल तर एक बाजू जाड आणि दुसरी पातळ निघते, बाहेरून काही कळत नाही. पातळ भिंत दाबाखाली थरथरते आणि रिंग तिची साथ सोडते. ताकद येते ती रिंगांनी दाब अडवून धरल्यामुळे.

आरएक्स १०० सारख्या टू-स्ट्रोकमध्ये आणखी एक पायरी आहे, आणि ती हमखास गाळली जाते. बोअर मारल्यावर पोर्टच्या कडा धारदार होतात. त्या हलक्या हाताने मोडल्या नाहीत तर रिंग अडकून तुटते. उलट चाकणला बनणाऱ्या केटीएम ३९० ड्यूकच्या सिलिंडरवर निकासिलचा, म्हणजे निकेल आणि सिलिकॉन कार्बाइडचा लेप असतो. नेहमीचं बोअरिंग तिथे लेपच उडवतं. तो सिलिंडर एक तर जाणकाराकडून पुन्हा लेप देऊन आणावा, नाहीतर नवा घ्यावा.

इंजिन बांधून झालं की रनिंगचा प्रश्न येतो. तासन्‌तास न्यूट्रलला घोंगावत ठेवण्याची आपली रीत बोअरला घातक आहे. रिंगला भिंतीवर दाबतो तो तिच्या मागे शिरणारा वायूचा दाब, आणि भाराशिवाय तो पुरेसा तयार होत नाही. रिंगा बसायच्या आत होनच्या रेषा गुळगुळीत होतात, मग इंजिन कायमचं ऑइल खातं. इंजिन गरम झाल्यावर मध्यम भार देऊन वेग वाढवावा, मग गिअरमध्येच सोडून कमी होऊ द्यावा, असं पुन्हा पुन्हा. पहिलं ऑइल लवकर काढावं. फिल्टर कापून त्याचा कागद उजेडात उलगडावा आणि चुंबक फिरवावा. चिकटलेलं बारीक लोखंड रिंग आणि बोअरचं असतं. सुरुवातीला थोडं येणारच. न चिकटणारी चमक बेअरिंगची किंवा पिस्टनची. ती दुसऱ्या ऑइलमध्येही दिसली, तर गाडी आणखी न पळवता ऑइलपॅन उतरवावा.