आब्रेऊ, सेबास्तियान

(१७ ऑक्टोबर १९७६ – ). यूरग्वायचा आंतरराष्ट्रीय फुटबॉलपटू व मध्य आघाडीचा खेळाडू. संपूर्ण नाव वॉशिंग्टन सेबास्तियान आब्रेऊ. ‘एल् लोको’ (वेडा) या टोपणनावाने तो प्रसिद्ध आहे. सु. २६ वर्षांच्या कारकीर्दीत तो ११ देशांतील तीसहून अधिक क्लबांकडून खेळला. एकाच क्लबात स्थिर न होता, मिळेल त्या करारानुसार संघ बदलत जाणाऱ्या व्यावसायिक खेळाडूंचा जो मोठा वर्ग आधुनिक फुटबॉलमध्ये आढळतो, त्याचे आब्रेऊ हे सर्वांत ठळक उदाहरण होय.

त्याचा जन्म यूरग्वायमधील मीनास या गावी झाला. लहानपणी तो बास्केटबॉलही खेळत असे. माँटेव्हिडिओच्या डिफेन्सॉर स्पोर्टिंग क्लबातून त्याने व्यावसायिक फुटबॉलला प्रारंभ केला व १९९६ मध्ये तो अर्जेंटिनाच्या सान लोरेंसो क्लबात गेला. तेथील कामगिरीमुळे १९९८ च्या आरंभी स्पेनच्या देपोर्तिव्हो ला कोरून्या या क्लबाने त्याला करारबद्ध केले. तथापि तेथे त्याला स्थान टिकविता आले नाही. क्लबाने त्याचे हक्क स्वतःकडे राखून त्याला ब्राझील, मेक्सिको, अर्जेंटिना व यूरग्वाय येथील संघांना उसने दिले. करार एका क्लबाशी आणि खेळ दुसऱ्याच क्लबासाठी, अशी त्याची पुढील काही वर्षे गेली.

अशा भ्रमंतीमागे खेळाडूच्या स्वभावापेक्षा व्यवसायाची रचना अधिक कारणीभूत असते. पूर्वी खेळाडूच्या नोंदणीचा हक्क करार संपल्यावरही क्लबाकडेच राहत असे. १५ डिसेंबर १९९५ रोजी युरोपीय न्यायालयाने बॉसमन खटल्यात दिलेल्या निर्णयाने ही पद्धत यूरोपीय संघातील देशांपुरती मोडीत निघाली; ब्राझीलमध्ये १९९८ च्या ‘पेले कायद्या’ने तिचा शेवट घडवून आणला. खेळाडू मोकळा झाला, पण त्याचबरोबर दीर्घ मुदतीची शाश्वतीही कमी झाली. अर्जेंटिनात १९९१ पासून व मेक्सिकोत १९९६ पासून वर्षाला दोन स्वतंत्र अजिंक्यपदे ठेवण्याची प्रथा पडल्यामुळे सहा महिन्यांचे करार सोयीचे ठरू लागले. आघाडीच्या खेळाडूचे मोल त्याच्या गोलसंख्येवरून सहज मोजता येते. म्हणून संकटात सापडलेला संघ प्रथम त्यालाच बोलावतो आणि गोल न झाल्यास प्रथम त्यालाच निरोप देतो.

आब्रेऊची शरीरयष्टी (उंची सु. १·९३ मी.) व डोक्याने चेंडू मारण्याचे कौशल्य यांमुळे कोणत्याही संघात त्याचा उपयोग तत्काळ होत असे. २००१ मध्ये तो सान लोरेंसोच्या अर्जेंटिनातील अजिंक्यपदाचा वाटेकरी ठरला. २००२ च्या मेक्सिकोतील उन्हाळी स्पर्धेत क्रूस आसूल संघाकडून १९ गोल करून त्याने सर्वाधिक गोलांचा मान मिळविला. २००६ मध्ये दोरादोस या लहान क्लबात स्पेनचा ख्यातनाम खेळाडू पेप ग्वार्दिओला त्याचा सहकारी होता. आब्रेऊने गोल करूनही त्या हंगामाअखेर संघाची खालच्या श्रेणीत घसरण झाली. अशा खेळाडूच्या वाट्याला वैयक्तिक यश व सांघिक अपयश पुष्कळदा एकत्रच येतात. पुढे रिव्हर प्लेट, इझ्राएलचा बेतार जेरूसलेम, स्पेनचा रेआल सोसिएदाद, ग्रीसचा आरिस इ. संघांतून खेळून तो २०१० मध्ये ब्राझीलच्या बोताफोगो क्लबात दाखल झाला. मायदेशातील नासिओनाल क्लबाकडे मात्र तो पुनःपुन्हा परतत राहिला.

राष्ट्रीय संघाकडून त्याने ७० सामन्यांत २६ गोल केले. २००२ व २०१० च्या विश्वचषक स्पर्धांत तो खेळला, तर २०११ मध्ये कोपा अमेरिका जिंकणाऱ्या यूरग्वाय संघात त्याचा समावेश होता. २ जुलै २०१० रोजी जोहॅनिसबर्ग येथे घानाविरुद्धचा उपांत्यपूर्व सामना १–१ असा बरोबरीत सुटला. त्यानंतरच्या पेनल्टी किकमध्ये यूरग्वायचा पाचवा व निर्णायक फटका बदली खेळाडू आब्रेऊकडे आला. गोलरक्षक एका बाजूस झेपावताच त्याने चेंडू मधोमध अलगद उचलून जाळ्यात टाकला. चेकोस्लोव्हाकियाच्या आंतोनीन पानेंकाने १९७६ च्या यूरोपीय अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यात हा फटका प्रथम प्रसिद्धीस आणला. गोलरक्षक जागीच उभा राहिला, तर तो अत्यंत हास्यास्पद ठरतो. म्हणूनच त्यात कौशल्याइतकेच धैर्यही लागते. या विजयामुळे यूरग्वायने १९७० नंतर प्रथमच उपांत्य फेरी गाठली.

पस्तिशीनंतर आब्रेऊचा प्रवास अधिकच विस्तारला. एक्वादोर, पॅराग्वाय, एल् साल्वादोर व चिली या देशांतील क्लबांतून तो खेळला. डिसेंबर २०१७ मध्ये चिलीच्या आउदाक्स इतालिआनो या आपल्या सव्विसाव्या क्लबाशी करार करून त्याने जर्मन गोलरक्षक लुट्स फानेनश्टील याचा २५ क्लबांचा विक्रम मागे टाकला. जून २०२१ मध्ये, वयाच्या ४४ व्या वर्षी, माँटेव्हिडिओच्या सूद आमेरिका संघाकडून खेळून तो निवृत्त झाला व पुढे प्रशिक्षणाकडे वळला.

खेळाडूची थोरवी एका क्लबावरील निष्ठेने मोजण्याचा प्रघात आहे. परंतु तशी निष्ठा दाखविण्याची संधी बहुसंख्य व्यावसायिकांना क्लबच देत नाहीत. दर काही महिन्यांनी नवे सहकारी, नवी भाषा व नवे प्रेक्षक स्वीकारून तेथे पुन्हा आपली योग्यता सिद्ध करणे, हीच त्यांची कसोटी असते. आब्रेऊने ती सु. पाव शतक दिली, यातच त्याच्या कारकीर्दीचे महत्त्व आहे.