कुलाब्याचे आगार आणि मोकळ्या जागेचा हिशोब

कुलाबा कॉजवेच्या पश्चिम अंगास उभे असलेले ‘इलेक्ट्रिक हाउस’ आणि त्याच्या लगतचे ‘बेस्ट’ या महापालिकेच्या वाहतूक उपक्रमाचे बस-आगार यांकडे खरेदीच्या गर्दीतून वाट काढणारा माणूस सहसा वळून पाहत नाही; परंतु मुंबईच्या सार्वजनिक वाहतुकीची मुळे शोधू जाणाऱ्यास याच भूमीपाशी यावे लागते. आज जेथे इलेक्ट्रिक हाउस आहे तेथे पूर्वी स्टर्न्स आणि किटरेज या ट्रामच्या मक्तेदारांची कचेरी होती, आणि ९ मे १८७४ रोजी कुलाब्याहून पायधुणीकडे घोड्यांची पहिली ट्राम सुटली तेव्हा त्यांच्या पदरी शेकडो घोडे होते. त्या जनावरांची दाणावैरण, नालबंदी आणि विसावा जेथे होई त्या तबेल्यावाचून रस्त्यावरची ट्राम एक दिवसही चालली नसती.

पुढे ७ मे १९०७ रोजी विजेची ट्राम आली. १५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्चपासून क्रॉफर्ड मार्केटपर्यंत पहिली बस धावली. ७ ऑगस्ट १९४७ रोजी वीजपुरवठ्यासह हा सारा कारभार महापालिकेच्या ताब्यात आला. आणि ३१ मार्च १९६४ रोजी ट्राम कायमची थांबली. वाहने पालटत गेली, तरी त्यांच्या मुक्कामासाठी राखलेल्या जागेची निकड पालटली नाही.

ही निकड दुपारी दिसत नाही. भर दुपारी आगाराच्या फाटकातून आत पाहिले तर तेलाचे डाग पडलेले लांबरुंद आवार, खड्ड्यावर चढवलेली एखादी दुरुस्तीची बस आणि एका कडेला नळीने चाललेली धुलाई एवढेच दृष्टीस पडते, आणि दक्षिण मुंबईत इतकी जमीन ओस पडावी याचे नवल वाटते. मात्र रात्री उशिरा वाहक भरणा करून मोकळे होऊ लागतात, चालक गाडीतील बिघाड नोंदवतात, ब्रेक आणि टायर तपासले जातात, आणि पहाटे जी गाडी आधी निघायची ती मागे अडकणार नाही अशा बेताने रांगा लावल्या जातात, तेव्हा बारा मीटर लांबीची बस वळवण्यास किती भूमी लागते ते उमगते. दिवसाचे रितेपण म्हणजे बसगाड्या कामावर गेल्याची खूण होय.

बेस्टच्या स्वतःच्या गाड्यांचा ताफा घटत गेला, उत्पन्नाची ओढगस्त वाढली, आणि २०१९ च्या जुलैत महापालिकेने बेकायदा उभ्या केलेल्या वाहनांवर जबर दंड बसवण्यास प्रारंभ केला, त्या सुमारास बेस्टने शहरातील अनेक आगारे शुल्क घेऊन खासगी मोटारींस खुली केली. रस्ते मोकळे व्हावेत आणि तोट्यातील उपक्रमास चार पैसे मिळावेत हा हेतू गैर म्हणता येणार नाही. तथापि दिवसा काही तास गाडी ठेवू देणे वेगळे आणि रात्रंदिवस गाड्या साठवण्यास आवार देणे वेगळे. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाने ‘विकास’ या संज्ञेत केवळ बांधकाम नव्हे, तर जमिनीच्या वापरातील महत्त्वाचा बदलही समाविष्ट केला आहे. आणि मंजूर विकास आराखड्यात फेरबदल करावयाचा तर कलम ३७ अन्वये नोटीस काढून लोकांच्या हरकती व सूचना मागवाव्या लागतात. आगाराच्या आवाराचा असा पालट व्हावयाचा असेल तर त्याचीही छाननी याच उघड रीतीने व्हावी, केवळ खात्याच्या परिपत्रकाने होऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

विजेवरील बसगाड्यांनी तर हा प्रश्न अधिकच निकडीचा केला आहे. २०२३ च्या फेब्रुवारीत विजेवरची दुमजली बस मुंबईत धावू लागली आणि त्याच वर्षी १५ सप्टेंबर रोजी जुन्या डिझेलच्या दुमजली बसने निरोप घेतला. डिझेल काही मिनिटांत भरून होते. विजेवरची गाडी मात्र भारित होईपर्यंत एका जागी उभी ठेवावी लागते. बेस्टने भाडेतत्त्वावर घेतलेल्या बसगाड्या दुसऱ्याच्या मालकीच्या असल्या तरी त्यांनाही मुक्कामास आगारच लागते. म्हणून छाननी करणाऱ्या अधिकाऱ्यांनी मोकळ्या जागेचे मोजमाप दुपारी न घेता मध्यरात्री घ्यावे, पुढील काळात येणाऱ्या बसगाड्यांची जागा त्यातून आधी वजा करावी, आणि उरेल तेवढ्याच जागेत मोटारींस अल्प मुदतीची मुभा देऊन, ती मुदत संपताच आवार निर्वेध परत घेण्याचा हक्क करारनाम्यात नमूद करावा.