उतारवयाचं शास्त्र (लेखांक ७) : दोनशे ग्रॅमची सळई

जर्जरपणा ओळखायचे पाच निकष मागच्या आठवड्यात पाहिले. लिंडा फ्रीड आणि सहकाऱ्यांनी ते २००१ साली मांडले : नकळत घटलेलं वजन, सततचा थकवा, सैल पकड, मंदावलेली चाल, कमी झालेला वावर. तीन किंवा जास्त जुळले तर माणूस जर्जर, एक-दोन जुळले तर उंबरठ्यावर. आज या उंबरठ्यावरच्या मंडळींविषयी.

त्यांना घरचे, शेजारचे आणि पुष्कळदा डॉक्टरही एकच सल्ला देतात : चालत जा. सल्ला चांगला आहे, पण अपुरा. वय वाढतं तसे स्नायूंमधले झटक्यात जोर लावणारे तंतू आधी बारीक होतात, संथपणे तासन्‌तास काम करणारे त्या मानाने टिकतात. म्हणून सोसायटीत अर्धा तास फेऱ्या मारणाऱ्या आजी कमोडवरून उठताना मात्र भिंत चाचपतात. जोर वाढवायचा तर स्नायूला सवयीपेक्षा जड काम द्यावं लागतं, आणि त्याची सवय झाली की आणखी जड.

म्हाताऱ्या माणसांना वजनं उचलायला लावायची हा विचार १९९० पर्यंत धाडसाचाच होता. त्या वर्षी मारिया फियाटारोन यांनी बॉस्टनच्या एका वृद्ध निवासातल्या दहा जणांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. सगळे नव्वदीच्या आसपासचे. एकदाच जेमतेम उचलता येईल अशा वजनाच्या ८० टक्के भार, आठवड्यातून तीन वेळा, आठ आठवडे. ज्यांनी प्रयोग पुरा केला त्यांच्या मांडीची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, म्हणजे जवळजवळ पावणेतीनपट झाली. दोघांची काठी सुटली. मांडीतला स्नायू मात्र जेमतेम ९ टक्क्यांनी भरला होता. मग एवढी ताकद आली कुठून? बरीचशी मज्जासंस्थेकडून. स्नायूतले जे तंतू वापराविना पडून होते त्यांना मेंदू पुन्हा कामाला लावायला शिकला.

याच प्रयोगातली दुसरी नोंद कमी सांगितली जाते. व्यायाम थांबवल्यावर चारच आठवड्यांत ताकद ३२ टक्क्यांनी उतरली. माझ्या मते सगळा प्रश्न इथे येऊन ठेपतो. ताकद वाढवता येते हे सिद्ध झालं, पण ती टिकवायची तर माणसाने वर्षानुवर्षं व्यायाम करत राहायला हवं. एकट्याने खोलीत वजनं उचलत कोण राहतं?

जपानच्या शिकोकू बेटावरच्या कोची शहराने यावर काढलेला तोडगा मला सगळ्यात पटतो. अमेरिकेतल्या राष्ट्रीय वार्धक्य संस्थेच्या व्यायामक्रमाचा आधार घेऊन कोची महापालिकेने २००२ साली ‘इकी-इकी ह्याकुसाई ताइसो’, म्हणजे शंभरीपर्यंत टवटवीत राहण्याची कवायत, तयार केली. यंत्र नाही, व्यायामशाळा नाही. मोहल्ल्याचं सभागृह, खुर्च्या, समोर पडद्यावर व्हिडिओ. मनगटाला आणि घोट्याला बांधायचा एक पट्टा, त्याला छोटे कप्पे. कप्प्यात दोनशे-दोनशे ग्रॅमच्या सळया सरकवायच्या, पार २.२ किलोपर्यंत. हात समोर उचलणं, बाजूला उचलणं, खुर्चीतून उठणं, गुडघा सरळ करणं, पाय मागे आणि बाजूला नेणं, एवढेच प्रकार. सगळे संथ मोजणीवर. शेजारी बसलेल्याची एक सळई वाढली की आपल्यालाही वाढवावीशी वाटते, हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही.

गट चालवतात रहिवासीच. महापालिकेचे आरोग्य कर्मचारी सुरुवातीला येऊन शिकवतात, पुढे गावकरी आपापलं पाहतात. ही कवायत नंतर जपानभरच्या गावांनी उचलली. आपल्याकडे ज्येष्ठ नागरिक संघ आहेत, सभागृहं आहेत, सकाळची टाळ्या वाजवणारी मंडळंही आहेत. त्यांत गंमत भरपूर, पण भार नाही. आणि भाराशिवाय मांडी बळकट होत नाही.

एक शंका रास्त आहे. अशा गटांत आपणहून येणारे लोक मुळातच जरा धडधाकट असतात, तेव्हा श्रेय नेमकं कशाला द्यायचं? तिथे अमेरिकेतला ‘लाइफ’ हा मोठा प्रयोग कामी येतो. ७० ते ८९ वयाच्या १,६३५ जणांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले. एकाला चालणं, घोट्याला वजन बांधून व्यायाम आणि तोल सांभाळण्याचा सराव : आठवड्यातून दोनदा केंद्रात, तीन-चार वेळा घरी. दुसऱ्याला आरोग्यावरची व्याख्यानं. सरासरी २.६ वर्षांत ४०० मीटर चालण्याची क्षमता गमावलेले व्यायाम गटात ३०.१ टक्के निघाले, व्याख्यान गटात ३५.५ टक्के. फरक चमत्कारिक नाही, पण खरा आहे.

सुरुवात कुणी करावी, कुणी थांबावं? नुकतंच हृदयाचं दुखणं झालेल्यांनी, आटोक्यात नसलेला रक्तदाब किंवा हर्निया असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. वजन उचलताना दम कोंडू नये, रक्तदाब चढतो. गटात सगळ्यांनी मोठ्याने आकडे म्हणायचे ते याचसाठी; बोलता बोलता श्वास कोंडता येत नाही. गुडघा दुखत असेल तर खुर्चीवर उशी ठेवून बैठक उंच करावी आणि मग उठ-बस करावी. दुसऱ्या दिवशी मांडी थोडी ठणकली तर चालेल, सांधा सुजला तर वजन उतरवावं. ओळीने दहा वेळा सहज जमू लागलं की पुढची सळई.

पुढच्या आठवड्यात ताटाकडे वळू. फियाटारोन यांनीच १९९४ साली १०० वृद्धांवर केलेल्या प्रयोगात ज्यांना व्यायामाविना नुसतं पोषक पेय दिलं, त्यांची ताकद वाढलीच नाही. मग प्रथिनांच्या डब्यांवर एवढा खर्च कशासाठी, ते पाहू.