अमेरिकेतला कर : वाट्याने बरा की खंडाने?

हल्ली खेड्यापाड्यांतली मुलेही अमेरिकेत नोकरीला आहेत. एखाद्या रविवारी फोन येतो, "आई, न्यू जर्सी सोडून टेक्ससला घर घ्यावं म्हणतोय. तिथं राज्याचा इन्कम टॅक्सच नाही!" घरात आनंद होतो. मुलाच्या घराला हातभार म्हणून एखादे वडील विहिरीजवळचा तुकडा विकायलाही निघतात. त्याआधी जरा हिशेब मांडू या.

आपल्याकडे प्राप्तिकर केंद्र सरकार घेते. पुण्यात राहा की पाटण्यात, दर एकच. अमेरिकेत केंद्राचा कर सगळीकडे सारखा असतो. पण त्याखेरीज बहुतेक राज्ये आपला वेगळा प्राप्तिकर घेतात. न्यू जर्सीत तो मिळकतीप्रमाणे 1.4 टक्क्यांपासून 10.75 टक्क्यांपर्यंत चढतो. टेक्सस आणि फ्लोरिडात तो मुळीच नाही. टेक्ससने तर 2019 साली मतदान घेऊन राज्यघटनेतच त्याला मनाई केली.

मग तिथल्या शाळा चालतात कशावर? मोठा भार घरपट्टीवर. ती आपल्या ग्रामपंचायतीसारखी किरकोळ नसते. टेक्ससमध्ये पुष्कळ ठिकाणी ती घराच्या किमतीच्या दीड ते दोन टक्के पडते, तीही दरवर्षी. न्यू जर्सी दोन्हीकडून महाग आहे. तिथली सरासरी घरपट्टी 2024 साली 10 हजार डॉलरच्या वर गेली.

आता आपल्या भाषेत बोलू. प्राप्तिकर म्हणजे वाट्याने केलेली शेती. पिकले तर वाटा द्यायचा, नाही पिकले तर देणे नाही. घरपट्टी म्हणजे खंडाने घेतलेली जमीन. पाऊस पडो न पडो, खंड चुकत नाही.

समजा, मुलाची मिळकत 90 हजार डॉलर आणि घर 4 लाखांचे. एक राज्य मिळकतीवर 5 टक्के आणि घरावर 1 टक्का घेते. म्हणजे 4,500 अधिक 4,000, एकूण 8,500 डॉलर. दुसरे राज्य मिळकतीवर काहीच घेत नाही, पण घरावर 2 टक्के, म्हणजे 8,000 डॉलर घेते. फरक अवघा 500 डॉलरचा. पण वर्षभर नोकरी गेली तर? पहिल्या राज्यात 4,000 भरायचे, दुसऱ्यात पुरते 8,000. थकले तर घरावर जप्ती येऊ शकते.

भाड्याने राहिले म्हणूनही सुटका नाही. मालक पट्टी भाड्यातून वसूल करतोच.

म्हणून मुलाला चार गोष्टी विचारा. घराची पट्टी सध्या किती आहे? किंमत वाढली की ती किती वाढेल? कॅलिफोर्नियात 1978 पासून आकारणी खरेदीच्या किमतीवर होते आणि ती किंमत वर्षाला 2 टक्क्यांहून जास्त वाढवत नाहीत. सगळीकडे तसे नाही. स्वतः राहणाऱ्याला सूट आहे का, आणि तिच्यासाठी अर्ज केला का? टेक्ससमध्ये अशी सूट आहे, पण ती मागावी लागते. आणि शेवटचे, सहा महिने पगार थांबला तर पट्टी भरण्याइतकी शिल्लक आहे का?

चारही उत्तरे नीट मिळाली, तर मुलाला खुशाल आशीर्वाद द्या. नाही मिळाली, तर विहिरीजवळचा तुकडा तूर्त राहू द्या. दुष्काळात खंड भरताना काय होते, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.