तुझा परफ्यूम, माझं नाक

निगडीहून चाकणला जाणारी कंपनीची बस सुटली, की तिच्यातली हवा सगळ्यांची होते. एकीने फुलांच्या वासाचा परफ्यूम मारलेला असतो. शेजारची विचारते, ‘कुठला गं? छान आहे.’ मागच्या सीटवरची खिडकी उघडते, कारण तिचं डोकं चढू लागतं. तिसरी म्हणते, ‘मला तर काहीच वास येत नाहीये.’ अशा वेळी आपण पहिलीला हौशी, दुसरीला नाजूक ठरवतो आणि तिसरीला सर्दी झाली असेल असं समजतो. पण वासाचं विज्ञान सांगतं, की तिघीही खरं बोलत असतात.

बाटलीतलं फूल

बाटलीवर गुलाब किंवा मोगरा छापलेला असला, तरी आत अल्कोहोलमध्ये विरघळलेले अनेक सुगंधी रेणू असतात. गुलाबाचा वास फिनाइल इथाइल अल्कोहोल, जिरॅनिऑल, सिट्रोनेलॉल यांच्यातून येतो. त्यांच्यासोबत डॅमॅसेनोन असतं. गुलाबतेलात ते शेकडा अर्धा भागही नसतं, तरी वासावर त्याची छाप मोठी. जाई-मोगऱ्यात बेंझाइल ॲसिटेट, लिनॅलूल आणि थोडं इंडोल सापडतं. हे इंडोल विष्ठेतही असतं. अत्यल्प प्रमाणात ते फुलाच्या वासाला भरीवपणा देतं, प्रमाण वाढलं की तोच वास नकोसा होतो. जाई-मोगऱ्याच्या परफ्यूमबद्दल मतं टोकाची असतात, त्याचं हेही एक कारण.

हे रेणू फुलातूनच यावेत असं नाही. व्हायोलेट फुलासारखा वास असलेलं आयोनोन 1893 मध्ये टीमान आणि क्रूगर या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत बनवलं. ते सिट्रालपासून तयार करता येतं, आणि सिट्राल हा आपल्या गवती चहाच्या तेलातला मुख्य घटक आहे. महाराष्ट्रात सुगंध बनवण्याचा धंदा जुना आहे. एस. एच. केळकर आणि कंपनी 1922 मध्ये मुंबईत सुरू झाली आणि आज ती देशातल्या मोठ्या सुगंध-उत्पादकांपैकी एक आहे. मुलुंडच्या वझे महाविद्यालयात परफ्युमरीचा पदव्युत्तर डिप्लोमाही शिकवला जातो.

उलट खऱ्या फुलाला वास असेलच याचीही खात्री नसते. पिंपरी-चिंचवडपासून जवळच, तळेगाव दाभाडेच्या फ्लोरिकल्चर पार्कमधले गुलाब दरवर्षी व्हॅलेंटाइन डेसाठी परदेशात जातात. अशा कट-फ्लॉवर जाती निवडताना लांब दांडा, रंग, टिकाऊपणा आणि प्रवास सोसण्याची ताकद पाहिली गेली, त्यात सुगंध मागे पडला. गुलाबात जिरॅनिऑल तयार होण्यासाठी लागणारं एक विकर फ्रान्समधल्या संशोधकांनी 2015 मध्ये ओळखलं. वास नसलेल्या जातींत त्या विकराचं जनुक फारसं काम करत नाही.

त्वचेवरचा प्रवास

परफ्यूम अंगावर पडला, की त्याचे घटक आपापल्या वेगाने उडू लागतात. लिंबू-संत्र्यासारखे हलके रेणू पंधरा-वीस मिनिटांत उडून जातात. फुलांचा वास त्यानंतर काही तास टिकतो. कस्तुरीसारखे किंवा चंदनासारखे जड रेणू संध्याकाळपर्यंत मागे राहतात. त्वचा कोरडी असेल तर वास लवकर उडतो, तेलकट त्वचेवर तो जास्त वेळ थांबतो, आणि अंग गरम असलं की बाष्पीभवन वाढतं. म्हणून मैत्रिणीच्या अंगावर आवडलेला परफ्यूम आपल्या अंगावर दुपारी वेगळा वाटू शकतो. दुकानात कागदाच्या पट्टीवर दोन मिनिटांत घेतलेला निर्णय फक्त पहिल्या अंकावर दिलेला असतो.

नाकानाकांत फरक

नाकातल्या गंधग्राहकांची जनुकं लिंडा बक आणि रिचर्ड अ‍ॅक्सेल यांनी 1991 मध्ये शोधली. त्यासाठी त्यांना 2004 चं नोबेल मिळालं. माणसाकडे असे सुमारे 400 प्रकारचे ग्राहक काम करतात. 2014 मध्ये अमेरिकेतल्या मोनेल संस्थेच्या संशोधकांनी दाखवलं, की कोणत्याही दोन माणसांमधले सुमारे 30 टक्के ग्राहक वेगळं काम करतात.

आयोनोनचंच उदाहरण घ्या. बीटा-आयोनोन ओळखणाऱ्या ‘ओआर5ए1’ या ग्राहकाच्या जनुकात एका अक्षराचा बदल असला, तर तो वास जाणवायला कितीतरी जास्त प्रमाण लागतं. ज्यांना तो सहज कळतो त्यांना फुलांचा सुगंध येतो, बाकीच्यांना तो आंबट, झोंबरा वाटतो. काही कृत्रिम कस्तुरींचा वास तर अनेकांना येतच नाही. बसमधली तिसरी मुलगी अशांपैकी एक असू शकते.

शिवाय नाक सवयीने गप्प होतं. काही मिनिटांतच मारणारीला स्वतःचा परफ्यूम जाणवेनासा होतो. तो गेला असं समजून ती पुन्हा फवारा मारते. नव्याने बसमध्ये चढणाऱ्याला मात्र पूर्ण मात्रा मिळते.

मनातला वास

वासाचे संदेश भावना आणि स्मृतीशी जोडलेल्या मेंदूच्या भागांत फार थेट पोहोचतात. म्हणून मोगऱ्याने कुणाला लग्नघर आठवतं, तर कुणाला अंत्ययात्रा. समजुतीचाही परिणाम होतो. मोनेलच्याच पामेला डाल्टन यांनी 1996 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना एकच वास दिला. काहींना तो आरोग्यदायी म्हणून सांगितला, काहींना धोकादायक म्हणून. पहिल्यांना तो हळूहळू सौम्य वाटला, दुसऱ्यांना तीव्रच राहिला. कारखान्यांच्या ज्या पट्ट्यात कूलंट, थिनर आणि रंगाच्या वासात दिवस जातो, तिथे प्रत्येक तीव्र वासाकडे संशयाने पाहिलं जाणं स्वाभाविक आहे.

पण याचा अर्थ त्रास मनाचा खेळ असतो असा मुळीच नाही. मायग्रेन असणाऱ्या अनेकांचं डोकं परफ्यूमने उठतं, आणि हा आजार स्त्रियांमध्ये पुरुषांच्या सुमारे तिप्पट आढळतो. लिनॅलूलसारख्या घटकांचा हवेशी संयोग होऊन त्वचेला ॲलर्जी देणारे पदार्थही तयार होतात. म्हणून वर्षानुवर्षं उघडून ठेवलेली बाटली वापरू नये.

वाहन कारखान्यांच्या पेंट शॉपमध्ये तर वासाशी संबंध नसलेल्या कारणासाठीही अंगाला लावायच्या वस्तूंवर बंधनं असतात. अनेक डिओडरंट, क्रीम आणि हेअर सीरममध्ये सिलिकोन असतं. त्याचा पृष्ठताण रंगापेक्षा कमी. सूक्ष्म थेंब पत्र्यावर पडला तरी ओला रंग त्याच्यापासून बाजूला सरकतो आणि खळगा उरतो. त्याला क्रेटर म्हणतात.

हे सगळं पाहता, परफ्यूम घेताना तो स्वतःच्या मनगटावर लावा आणि अर्धा-एक तास थांबूनच पैसे द्या. शिफ्टला जाताना एखादा फवारा पुरे, आणि तो तुम्हाला जाणवेनासा झाला तरी दुसरा मारू नका. शेजारच्या सीटवरची म्हणाली, ‘मला त्रास होतोय’, तर तिच्यावर विश्वास ठेवा. तिचं नाक तुमच्यापेक्षा वेगळं आहे, आणि आता त्याला विज्ञानाचा भक्कम पुरावा आहे.