चार लोक एकत्र बसले की

नेवासे तालुक्यातल्या सौंदाळ्याने २८ नोव्हेंबर २०२४ च्या ग्रामसभेत आई-बहिणीवरून शिवी देणाऱ्याला ५०० रुपये दंड ठरवला आणि दोन-तीन दिवसांत गावाचं नाव देशभर झालं. बातमी सगळ्यांनी वाचली आहे. नंतर जिकडेतिकडे जी चर्चा ऐकू आली, ती मात्र दंडाभोवतीच फिरत राहिली. पाचशे रुपये वसूल कोण करणार, साक्ष कोण देणार, गावच्या पुढाऱ्याच्या मुलाने शिवी दिली तर पावती फाडायची हिंमत कुणाची. प्रश्न बरोबर आहेत, पण त्यांत या बातमीचा गाभा हरवला याचं मला वाईट वाटलं. रस्ता, पाणी, घरकुलाची यादी यांच्या पंक्तीला शिवी हा विषय येऊन बसला आणि गावाने त्यावर तोंड उघडलं, ही मला पाचशे रुपयांपेक्षा फार मोठी घटना वाटते.

शिवी येते कुठून, हे आठवून पाहा. घरात बसवून कुणी ती शिकवत नाही. सात-आठ वर्षांचं पोर ती पारावर, क्रिकेटच्या मैदानात, ट्रॅक्टरच्या मागे बसून येताना ऐकतं. अर्थ त्याला कळत नाही, पण वापर अचूक कळतो. कुणाला द्यायची, कुणासमोर गिळायची, दोस्ताला दिली तर ती माया आणि परक्याला दिली तर भांडण, हे सारं व्याकरण त्याला बाराव्या वर्षापर्यंत पाठ झालेलं असतं. न देणाऱ्याला बायल्या म्हणतात, हेही. आपण याला सरळ ‘घरचं वळण’ म्हणतो आणि आईबापांना दोष देतो. पण वळण घरापेक्षा कट्ट्यावर जास्त पडतं, आणि कट्ट्यावरच्या प्रत्येकाला ते दुसऱ्या कट्टेवाल्याकडून मिळालेलं असतं.

जॉर्ज हर्बर्ट मीड या अमेरिकी तत्त्वज्ञाने यावर आयुष्यभर विचार केला. त्याची व्याख्यानं त्याच्या मृत्यूनंतर, १९३४ मध्ये, पुस्तकरूपाने आली. लहान मूल आधी आईच्या, मग सवंगड्यांच्या आणि हळूहळू साऱ्या समाजाच्या नजरेतून स्वतःकडे बघायला शिकतं, आणि ही सगळ्यांची मिळून झालेली नजर त्याच्या आत कायमची मुक्कामाला येते, असं त्याचं म्हणणं. इंग्रजीत त्याला या नजरेसाठी अवघड शब्द घडवावा लागला. आपल्याकडे तो तयार होता: चार लोक. ‘चार लोक काय म्हणतील’ हे आपण म्हणतो तेव्हा ते चार कोण, त्यांची नावं काय, हे कुणी विचारत नाही. ते बाहेर कुठे राहत नाहीत, आपल्या डोक्यात राहतात. माणसाला समजावून सांगून त्याची सवय बदलत नाही, ती यामुळेच. आपण बोलतो एकाशी, तो ऐकतो त्या चौघांचं.

मग त्या चौघांशी बोलायचं कसं? याचं उत्तर मला सापडलं ते एका जर्मन ज्यू मानसशास्त्रज्ञाच्या कामात, आणि ते वाचल्यापासून गावातली ग्रामसभा मला वेगळी दिसू लागली. कुर्ट लेविन हिटलर सत्तेवर आल्यावर १९३३ मध्ये जर्मनी सोडून अमेरिकेत गेला. त्याची आई मागे राहिली आणि नाझींच्या छळछावणीत मारली गेली. एक सुशिक्षित समाज बघता बघता असा कसा होतो, हे त्याच्यासाठी पुस्तकी कोडं नव्हतं.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतलं चांगलं मांस सैन्याकडे जात होतं. घरी राहिलेल्यांनी गायीबैलांचं काळीज, गुर्दे असे अवयव खावेत, अशी सरकारची इच्छा होती. पोषण उत्तम, किंमत कमी, पण घराघरांत किळस. अन्नाच्या सवयी कशा बदलतील हे पाहायला एक समिती नेमली होती. मानववंशशास्त्रज्ञ मार्गारेट मीड (या वर सांगितलेल्या मीडच्या नातलग नव्हेत) तिच्या कार्यकारी सचिव होत्या. लेविन तेव्हा आयोवा विद्यापीठात होता. त्याने रेडक्रॉसच्या कामात असलेल्या गृहिणींचे सहा गट घेतले, प्रत्येकात तेरा ते सतरा बायका. तीन गटांना व्याख्यान दिलं. जीवनसत्त्वांचे तक्ते, देशासाठीचं कर्तव्य, वास घालवायच्या युक्त्या, छापील पाककृती, सगळं. उरलेल्या तीन गटांतही माहिती आणि पाककृती तीच होती, पण सुरुवात प्रश्नाने केली: तुमच्यासारख्या गृहिणींना हे घरात आणायला काय अडचण येईल? बायका बोलू लागल्या. नवरा ताट सरकवेल, शिजताना वास येतो, बघूनच कसंतरी होतं. प्रत्येकीला वाटत असणार की किळस आपल्यालाच, अडाणी आपणच. बोलल्यावर कळलं की सगळ्यांचं तेच आहे. शेवटी विचारलं, येत्या आठवड्यात कोण करून बघणार, हात वर करा. वेळ दोन्हीकडे सारखाच, पाऊण तास. आठवड्याने चौकशी केली. व्याख्यान ऐकलेल्यांपैकी फक्त ३ टक्के बायकांनी, आधी कधी न केलेला तो प्रकार रांधला होता. बोलून ठरवलेल्यांपैकी ३२ टक्क्यांनी.

तीन आणि बत्तीस. आरोग्य खात्याच्या फलकांसमोरून, प्रबोधनाच्या भाषणांतून, शाळेच्या प्रार्थनेनंतरच्या उपदेशातून मी जेव्हा जेव्हा जाते, तेव्हा हे दोन आकडे आठवतात. आपण समाज बदलायला निघतो तेव्हा नव्वद टक्के शक्ती व्याख्यानावर घालवतो.

यावर कुणी म्हणेल, हात वर केला म्हणजे चारचौघांत शब्द गेला, आता लाजेखातर करावंच लागणार. मलाही आधी तसंच वाटलं होतं. पण लेविनच्याच गटाने दुसरा प्रयोग बाळंतिणींवर केला. इस्पितळातून घरी जायच्या आधी बाळाला कॉडलिव्हर तेल आणि संत्र्याचा रस द्यायचं काहींना एकेकटीला समजावलं, काहींना सहाजणींच्या घोळक्यात बोलतं केलं. या सहाजणी एकमेकींना ओळखत नव्हत्या आणि नंतर आपापल्या दूरच्या शेतवस्त्यांवर गेल्या. पहारा ठेवायला तिथे कुणी नव्हतं. तरीही घोळक्यात ठरवून गेलेल्यांनी ते जास्त पाळलं. पुढे १९५५ मध्ये एडिथ बेनेट यांनी हे सगळं पुन्हा सुटं करून तपासलं. त्यांना आढळलं की नुसती चर्चा किंवा सगळ्यांदेखत हात वर करणं यात जादू नाही. माणूस मनाशी ठरवतो का, आणि इतरांनीही तेच ठरवलं असं त्याला वाटतं का, यावर पुढचं अवलंबून असतं. थोडक्यात, डोक्यातल्या चौघांचं मत बदललंय अशी खात्री पटली पाहिजे.

म्हणून मला पाचशे रुपयांची फार फिकीर वाटत नाही. दंड एकदाही वसूल झाला नाही तरी सौंदाळ्यातल्या पोराच्या कानावर हे पडलंच आहे की आपल्या गावातल्या मोठ्यांना शिवी आवडत नाही. कट्ट्यावर त्याला नेमकं उलटं शिकवलं गेलं होतं.

हेरवाडचं उदाहरण याहून जड आहे. शिरोळ तालुक्यातलं, कोल्हापूर जिल्ह्यातलं हे गाव. कोरोनात अनेक संसार उघडे पडले होते. ४ मे २०२२ रोजी, शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीच्या दोन दिवस आधी, ग्रामसभेने ठरवलं की नवरा गेल्यावर बाईच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही, मंगळसूत्र तोडायचं नाही, जोडवी काढायची नाहीत. करमाळ्याचे कार्यकर्ते प्रमोद झिंजाडे यांनी हा विषय लावून धरला होता. आपल्या मागे आपल्या पत्नीवर हे प्रकार करू नयेत, असं त्यांनी मुद्रांक कागदावर लिहून ठेवलं होतं. महिन्याभराच्या आत राज्य सरकारने सगळ्या गावांना हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगणारं परिपत्रक काढलं. सौंदाळ्यानेही या प्रथा आधीच बंद केल्या आहेत.

आता ती प्रथा डोळ्यांसमोर आणा. बांगड्या कोण फोडतं? पुरुष नाही. बायकाच, आणि पुष्कळदा त्यांतली एखादी स्वतः त्यातून गेलेली. माझ्या आत्याच्या वेळी मी दहा वर्षांची होते. जिने दगड हातात घेतला, तीच आत्याला धरून सगळ्यात जास्त रडली. अनेक वर्षांनी तिने मला सांगितलं, ‘माझा हात उचलत नव्हता गं. पण भोवती एवढ्या जणी, त्या काय म्हणाल्या असत्या?’ त्या एवढ्या जणींपैकी तिघींना मी पुढे विचारलं. तिघींचंही तेच उत्तर. कुणालाच ते नको होतं, आणि प्रत्येकीला वाटत होतं की बाकीच्यांना हवं आहे. क्रूर माणसांशिवाय क्रूर प्रथा अशी चालते. प्रिन्स्टन विद्यापीठात डेबोरा प्रेंटिस आणि डेल मिलर यांनी १९९३ मध्ये विद्यार्थ्यांच्या दारू पिण्याबद्दल हेच दाखवलं: विद्यार्थी मनातून बिचकत होते आणि इतर आपल्यापेक्षा बिनधास्त आहेत असं समजत होते.

एकट्याने अशा प्रथेला भिडायचं तर किंमत काय पडते, हे मुरूडकरांना ठाऊक आहे. तिथल्या धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ मध्ये विधवा गोदूबाईंशी पुनर्विवाह केला. विधवाविवाहाचा कायदा १८५६ चा, म्हणजे तेव्हा सदतीस वर्षं जुना. तरी गावाने बहिष्कार टाकला, आणि यांना घरात घ्याल तर खबरदार, असं त्यांच्या घरच्यांनाही बजावलं. कायदा होता, माणूस डोंगराएवढा होता, पण ते चार लोक जागचे हलले नव्हते. चीनमध्ये मुलींची पावलं बांधायची शेकडो वर्षांची रीत मात्र विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत बऱ्याच भागांत एका पिढीत संपली. तिथल्या मंडळ्यांत कुटुंबं एकत्र येऊन दुहेरी शपथ घेत: मुलीची पावलं बांधणार नाही, आणि बांधलेल्या पावलांची सून आणणार नाही. ‘मग हिचं लग्न कसं होणार’ हा प्रश्न एकट्या आईने सोडवायचा राहिला नाही.

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावचा भोंगाही असाच. ऑगस्ट २०२२ पासून तिथे संध्याकाळी सातला भोंगा वाजू लागला आणि साडेआठपर्यंत टीव्ही-मोबाइल बंद. एका घराने मोबाइल काढून घेतला तर पोर शेजारी जाऊन बसतं, किंवा ‘सगळ्यांकडे आहे’ म्हणून आईशी भांडतं. गावानेच एकदा ठरवलं, की ‘सगळ्यांकडे’ या शब्दातली हवा जाते.

मी ग्रामसभेचं एवढं कौतुक करते आहे, पण भीतीही सांगायला हवी. जी ताकद बांगड्या वाचवते, तीच माणसाला वाळीत टाकते. जातपंचायतींनी आंतरजातीय लग्न केलेल्या पोरींचं काय केलं ते या महाराष्ट्राने पाहिलंय, आणि म्हणून तर आपल्याला सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करावा लागला, तो जुलै २०१७ पासून लागू आहे. जातपंचायतही ‘गटाने ठरवलं’ असंच म्हणते. माझ्या मते फरक एवढाच की तिथे बोलायची मुभा ठरावीक पुरुषांना असते आणि ज्याच्याबद्दल ठरतं तो हात जोडून उभा असतो. ग्रामसभेतही तसं होऊ शकतं. गणसंख्या मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, जी कमी असेल ती. ती भरली नाही तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणसंख्येची अट राहत नाही. पाच जणांनी टेबलाभोवती सह्या केलेला ठराव कागदावर तितकाच पक्का दिसतो. हेरवाडनंतर परिपत्रकाची आठवण झाली म्हणून जिथे असे ठराव झाले, तिथे मी लेविनचे ३ टक्केच धरून चालते. तिथल्या बायकांनी एकमेकींचं ऐकलेलंच नसतं. नियमाप्रमाणे ग्रामसभेआधी महिलांची सभा व्हायला हवी. किती गावांत ती मनापासून होते, हे आपापल्या गावी विचारून बघा.

शहरात तर ग्रामसभाच नाही. आमच्या इमारतीत दर संक्रांतीला हळदीकुंकू होतं आणि नवरा गेलेल्या दोघी जणी दार लावून घरात बसतात. यंदा त्यांना बोलवावं असं आईच्या मनात आलं. तिने गेल्या आठवड्यात सहा घरी जाऊन एकेकीला विचारलं. सहाही जणींनी सांगितलं, ‘माझी काही हरकत नाही हो वहिनी, पण बाकीच्यांना चालेल का?’ आई घरी येऊन हिरमुसून बसली. मी तिला लेविनच्या बायकांची गोष्ट सांगितली. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग उठून तिने वही काढली आणि सहा नावं लिहिली. रविवारी चार वाजता सगळ्या एकत्र चहाला येणार आहेत. पोह्यांना मटार आणायचं काम माझ्याकडे आहे.